पडद्यावरून बोलतंय कोण?

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना कॉम्प्युटरवर कशाला बोलावलंय? शंका रास्त आहे. कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करणं आमचं काम नव्हे. पण हा विषय यंत्रापेक्षा विश्वासाचा जास्त आहे. समोर दिसतंय ते खरं कशावरून, आणि सांगणाऱ्यावर भरवसा का ठेवायचा, हे प्रश्न आमच्या शास्त्रातले आहेत. ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. फक्त आता ते आपल्या दिवाणखान्यात येऊन बसले आहेत.

बोरिवली काय, मुलुंड काय, अंधेरी-घाटकोपर काय, आपल्या सोसायट्यांमधलं चित्र बहुतेक सारखंच. मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशात. घरात आईवडील दोघंच, कुठे तर एकटंच कोणी. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, डॉक्टरांची वेळ, नातवंडांचा चेहरा, सगळं एका पडद्यावर. आणि आयुष्यभराची पुंजीही त्याच पडद्यामागे. मग अशा पडद्यावर अचानक लाल चौकट आली आणि भोंगा वाजायला लागला, तर छातीत धस्स होणारच. आज आपण त्या लाल चौकटीचा विचार करू. ती येते कुठून, तिला आपल्याबद्दल खरोखर काय ठाऊक असतं, आणि ती आली तर करायचं काय, एवढे तीन प्रश्न.

चौकट आणि चित्र

समजा, आपण जुन्या नाट्यगीताचे शब्द शोधत एखाद्या साइटवर गेलो. कुठेतरी बोट लागलं आणि पडदा भरून सूचना आली: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, बँकेची माहिती चोरली जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, खाली टोल-फ्री नंबर, मागे सायरन. फाइलींची नावं भराभर सरकताहेत, जणू तपासणी चालू आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी यांना आपण ब्राउजर म्हणतो. ब्राउजर ही चौकट आहे, आणि वेबपेज हे त्या चौकटीतलं चित्र. चित्रात काय काढायचं ते चित्र काढणारा ठरवतो. तो मायक्रोसॉफ्टचं चिन्ह काढेल, पोलिसांचं बोधचिन्ह काढेल, तुमच्या बँकेचा फलकही काढेल. पण चित्राला चौकटीबाहेर येऊन तुमचं कपाट उघडता येत नाही. वेबपेजनं कॉम्प्युटरमधल्या फाइली धुंडाळू नयेत अशीच ब्राउजरची रचना केलेली असते. त्यामुळे ती ‘तपासणी’ म्हणजे नाटकातल्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावण्यासारखी आहे. पेशंटला ताप आहे की नाही, त्याला काही कळत नाही.

मग कोणी म्हणेल, ‘अहो, पण त्यात मुंबईचं नाव होतं!’ असणारच. कुठलंही पेज उघडलं की आपण साधारण कुठल्या शहरातून आलो, आपल्याकडे विंडोज आहे की अँड्रॉइड, ब्राउजर कुठला, एवढं त्या साइटला कळतं. पाकिटावरच्या शिक्क्यावरून पोस्टमनला गाव कळतं, तसंच हे. आतलं पत्र त्यानं वाचलेलं नसतं.

मायक्रोसॉफ्टनं स्वतः जाहीर केलेलं आहे की त्यांच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. म्हणून पहिला नियम सोपा आहे. व्हायरसची सूचना आणि फोन नंबर एकत्र दिसले की ती फसवणूक. पुढे तपासायची गरजच नाही.

या पॉप-अपचा जन्म मात्र फसवण्यासाठी झालेला नव्हता. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची साइट होती. एका मोटार कंपनीची जाहिरात तिथल्या एका अश्लील पेजवर दिसली आणि कंपनी बिथरली. तेव्हा जाहिरात पेजला चिकटलेली दिसू नये, वेगळ्या खिडकीत उघडावी, म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी ती युक्ती लिहिली. २०१४ साली त्यांनी ‘द अटलांटिक’ या मासिकात लेख लिहून त्याबद्दल जगाची माफी मागितली. लोक या खिडक्यांना इतके कंटाळले की २००४ साली मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत त्या अडवण्याची सोय दिली. आज सगळेच मोठे ब्राउजर साधे पॉप-अप अडवतात. म्हणून फसवणाऱ्यांनी वाट बदलली. आता ते अख्खं पेजच इशाऱ्यासारखं रंगवतात, किंवा आपल्याकडूनच परवानगी मिळवतात. त्याकडे पुढे येऊच.

दोरीचा साप आणि रंगवलेला साप

आपल्याकडे वेदान्तात एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला ती साप वाटते, तो घाबरतो, घाम फुटतो. दिवा आणला की दोरी दिसते आणि भीती जाते. भीती खरी होती, साप खरा नव्हता. पडद्यावरच्या लाल चौकटीला हा दृष्टान्त लावायचा मोह होतो, आणि थोडा लागूही पडतो. पण दोन ठिकाणी तो तुटतो, आणि ती दोन ठिकाणंच आपल्या कामाची आहेत.

पहिलं ठिकाण असं. दोरी कोणाला फसवायला बसलेली नसते. आपला आपल्यालाच भ्रम होतो. इथे मात्र कोणीतरी मुद्दाम दोरीला साप रंगवून आपल्या वाटेत टाकलेला आहे. आपण दचकावं हाच त्याचा धंदा आहे. त्यामुळे दचकलो म्हणून स्वतःला मूर्ख समजायचं कारण नाही.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं. दोरी जवळून निरखली की साप नाहीसा होतो. रंगवलेला साप निरखल्यानं नाहीसा होत नाही, उलट जास्त खरा वाटायला लागतो. पूर्वी लोक सांगायचे, ‘शुद्धलेखनाच्या चुका बघा, चिन्ह वेडंवाकडं आहे का बघा.’ आता मजकूर यंत्राकडून लिहून घेता येतो, चिन्ह जसंच्या तसं उचलता येतं, मराठीसुद्धा बरी असते. सूचना खरी की खोटी हे त्या सूचनेकडे टक लावून ठरवायचं, ही सवयच आता सोडायला हवी.

मग ठरवायचं कशावरून? इथे न्यायदर्शन मदतीला येतं. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. आपलं बहुतेक ज्ञान असंच आलेलं असतं. स्वतःची जन्मतारीखही आपल्याला दुसऱ्यानंच सांगितली. पण कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे. बोलणारा ‘आप्त’ हवा. म्हणजे त्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. थोडक्यात, शब्दाची परीक्षा ही बोलणाऱ्याची परीक्षा असते.

लाल चौकटीला ही कसोटी लावा. तिला आपल्या कॉम्प्युटरच्या आतलं ठाऊक आहे का? नाही, हे आपण पाहिलं. ती कोणाची आहे? मायक्रोसॉफ्टची, असं तीच सांगते. म्हणजे ओळखपत्रही तिचं, शिक्काही तिचा आणि साक्षीदारही तीच. आपल्या दारात कोणी येऊन म्हणाला की मी बँकेतून आलोय, खात्री करायची तर हा माझ्याच मित्राचा नंबर, तर आपण त्याला आत घेऊ का? घेणार नाही. आपण स्वतः बँकेत फोन करू.

आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: निरोप ज्या वाटेनं आला त्या वाटेनं परत जायचं नाही, खात्री आपल्या वाटेनं करायची. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो. विजेचा ग्राहक क्रमांक आणि कंपनीचा नंबर बिलावर असतो. ही आपली वाट. सूचनेतला नंबर, सूचनेतलं बटण, सूचनेतली लिंक ही त्यांची वाट.

फोनच्या दुसऱ्या टोकाला

तो टोल-फ्री नंबर लावला तर पलीकडे कोण असतं? आपण समजतो कुठेतरी दूर, परदेशात. आता बोरिवलीहून विरारकडे जाणारी लोकल धरा आणि दहिसरच्या पुढचं स्टेशन पाहा. मीरा रोड. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेतले गेले. तिथून रात्रभर अमेरिकेत फोन जात. आम्ही तुमच्या आयकर खात्याचे अधिकारी, तुमचा कर थकलाय, आत्ताच्या आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील, असं इंग्रजीत सांगितलं जाई. घाबरलेली माणसं दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं विकत घेत आणि त्यांचे नंबर फोनवर वाचून दाखवत.

पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावानं देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं नेमकी आपल्या विषयाची होती. अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या तक्रारींवरून ती नोंदवलेली होती. या कंपन्यांचे तंत्रज्ञ असल्याचं भासवून, पडद्यावर खोट्या सूचना दाखवून, परदेशातल्या लोकांना, त्यातही वयस्करांना, लुबाडलं जात होतं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ज्यांच्या देशात हे यंत्र तयार झालं, तेही फसले. तेव्हा ‘आम्हाला इंग्रजी नीट येत नाही म्हणून आम्ही फसतो’ हा समज काढून टाका. दुसरी गोष्ट कडू आहे. फोनवर बोलणारी ती मुलं आपल्याच उपनगरांतली, पदवी घेऊन नोकरी शोधणारी होती. त्यांच्या हातात लिहिलेले संवाद दिले होते. समोरचा असं म्हणाला तर तसं बोला, रडला तर हे बोला. म्हणजे फसणारा एकटा असतो आणि त्याच्यासमोर एक अख्खी कचेरी कामाला बसलेली असते. हा सामना बरोबरीचा नाही. तो बोलण्यात जिंकता येत नाही. फोन न लावणं, लावला असेल तर मध्येच ठेवून देणं, हाच त्यातला विजय आहे. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, हा आपला संस्कार आहे खरा, पण तो इथे पाळायचा नाही.

फोन लागल्यावर काय होतं तेही पाहू. ‘तंत्रज्ञ’ तुम्हाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं अ‍ॅप घ्यायला सांगतो. ही अ‍ॅप मुळात खोटी नाहीत. ऑफिसातली माणसं दूरवरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला ती वापरतात. पण त्यातला नंबर तुम्ही सांगितला की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. मग तो विंडोजमधली एक नोंदवही उघडतो. तिच्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी दिसतात. ‘बघा, एवढे व्हायरस!’ खरं तर धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशा नोंदी रोज पडत असतात. मग ‘दुरुस्तीचे’ पैसे मागितले जातात, किंवा ‘तुमचं खातं सुरक्षित आहे का ते पाहू’ म्हणून बँकेची साइट तुमच्याच हातानं उघडायला लावतात. तुम्ही पासवर्ड टाकता, तो पाहतो. ओटीपी येतो, तोही त्याला दिसतो.

सोंगं वेगळी, डाव तोच

लाल चौकटीची काही भावंडं आहेत. त्यांचीही ओळख करून घेऊ.

पहिलं भावंड ‘अलाव’ बटण. पेज म्हणतं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला ‘अलाव’ दाबा, किंवा व्हिडिओ पाहायचा असेल तर ‘अलाव’ दाबा. ते दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. नंतर ती साइट बंद केली तरी पडद्याच्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ अशा चिठ्ठ्या येत राहतात. त्या जणू कॉम्प्युटरच पाठवतोय असं वाटतं. पुष्कळांना वाटतं की यंत्र बिघडलं. यंत्र ठीक असतं. आपण एका अनोळखी माणसाला दाराची बेल वाजवायची मुभा दिली, एवढंच झालेलं असतं.

दुसरं भावंड जरा नवं आहे. तेही ‘मी रोबोट नाही’ म्हणूनच येतं, पण नंतर सांगतं: कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. असं केलं की त्यांनी गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा आपल्याच हातानं आपल्या कॉम्प्युटरला दिली जाते. चित्र चौकटीबाहेर येऊ शकत नाही असं आम्ही म्हणालो, ते खरंच आहे. म्हणून तर ते आपल्याला हात द्यायला लावतं. रोबोटची खरी तपासणी चित्रं निवडायला सांगेल, अक्षरं टाइप करायला सांगेल. कीबोर्डची अशी बटणं दाबायला ती कधीच सांगत नाही.

तिसरं भावंड पोलिसी वेषातलं. तुमचा ब्राउजर सरकारनं लॉक केला आहे, तुम्ही बेकायदा साइट पाहिली, दंड भरा, कार्डाचा नंबर इथे टाका. आपल्या देशात पोलीस ब्राउजर लॉक करून दंड घेत नाहीत. याचाच थोरला भाऊ म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा.

चौथं भावंड मोबाइलवरचं. २०२२ साली ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, मागचं बिल अपडेट झालेलं नाही, अधिकाऱ्याला फोन करा’ असे मेसेज घरोघर आले. आता गंमत बघा. मुलुंडला वीज महावितरणची, अंधेरी-बोरिवलीला अदानी नाहीतर टाटाची. मेसेज सगळीकडे तोच. कंपनीचं नावही धड नसे, पण रात्रीच्या अंधाराची भीती सगळ्यांना सारखी. हल्ली याच जातीचे निरोप वाहतुकीच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या रूपात येतात, आणि त्यांना एपीके नावाची फाइल जोडलेली असते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते अख्खं अ‍ॅप असतं. ते फोनमध्ये बसलं आणि मागेल ती परवानगी आपण देत गेलो, की आलेले ओटीपी वाचू शकतं. लग्नपत्रिका चित्र म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणून कधी येत नाही.

या सगळ्यांत समान काय, ते सरकारनंही ओळखलेलं आहे. ग्राहक व्यवहार विभागानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. ‘खोटी घाई’ हा त्यातला एक, आणि व्हायरस असल्याची खोटी भीती घालणं हाही एक. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरद्वारे फसवणं हा तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीखाली गुन्हाच आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

खोटी घाई हे शब्द लक्षात ठेवा. विचाराला वेळ लागतो, आणि फसवणाऱ्याला आपला वेळच काढून घ्यायचा असतो. खऱ्या बँकेचं, खऱ्या वीज कंपनीचं, खऱ्या पोलिसांचं काम दहा मिनिटांनी बिघडत नाही. फक्त फसवणाऱ्याचं बिघडतं.

सूचना आली तर

आता हाताशी ठेवायच्या गोष्टी. लिहून घ्यायच्या असतील तर घ्या.

कॉम्प्युटरवर लाल चौकट आली तर तिच्यातलं काहीही दाबू नका. तिच्यातली फुलीसुद्धा नाही, कारण ती फुलीही चित्रातलीच असू शकते. आधी आवाज बंद करा, निम्मी भीती तिथेच जाते. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, म्हणजे पूर्ण पडदा सुटतो आणि ब्राउजरची स्वतःची पट्टी दिसते. तिथून तो टॅब बंद करा. बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउजरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमलं नाही तर खुशाल कॉम्प्युटर बंद करा. ‘बंद करू नका’ असं ती चौकट सांगते, त्याचं कारणच हे आहे की बंद केल्यावर ती संपते. पुन्हा ब्राउजर उघडल्यावर ‘मागची पेजेस परत आणू का?’ असं विचारलं तर नको म्हणा.

मोबाइलवर असेल तर उघडी अ‍ॅप दाखवणाऱ्या पडद्यावर जाऊन ब्राउजर वर ढकलून बंद करा.

‘अलाव’ दाबलं गेलं असेल तर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, मग सेटिंग, साइट सेटिंग, नोटिफिकेशन. (कॉम्प्युटरवर साइट सेटिंग हे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या आत असतं.) ज्या साइटना परवानगी दिलेली आहे त्यांची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. तिथेच कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू द्यायचं नाही, असंही ठरवता येतं. आमच्या वयाच्या बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही.

यंत्रात खरंच काही शिरलंय अशी शंका असेल, तर विंडोजमध्ये अँटिव्हायरस आधीपासून असतोच. ‘विंडोज सिक्युरिटी’ असं शोधलं की सापडतो. शिवाय केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७पासून आहे. तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात.

बँकेच्या साइटबद्दल एक नवी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकांनाच मिळतो. पत्ता वाचताना शेवट बघा. सुरुवातीला बँकेचं नाव कोणीही लिहू शकतो.

पैसे गेलेच तर

सगळं ठाऊक असूनही एखाद्या दिवशी, तापात, झोपेत, काळजीत असताना चूक होऊ शकते. अशा वेळी पहिला फोन १९३० या नंबरवर. ही देशभरची मदतवाहिनी आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. ते बाहेर काढले जायच्या आत कळलं तर वाटेतच रोखता येतात. म्हणून इथे मिनिटांचा हिशेब आहे. लगेच दुसरा फोन बँकेला, खातं आणि कार्ड बंद करायला. मग ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार. मुंबई पोलिसांची विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, पण जवळच्या कोणत्याही ठाण्यात गेलात तरी चालतं. मेसेज, नंबर, पडद्याचे फोटो पुसू नका, तोच पुरावा आहे. पडदा कोणाच्या ताब्यात दिला गेला असेल तर आधी वायफाय बंद करा, ते अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी काढलेलं परिपत्रक प्रत्येकाला ठाऊक हवं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. त्यात म्हटलं होतं: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याची किंमत आहे, आणि गप्प राहण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

आणि आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोठा शत्रू ही गप्प राहण्याची वृत्तीच आहे. पैसे गेल्यावर माणूस दोन-दोन दिवस घरात सांगत नाही. लोक काय म्हणतील, मुलगा रागावेल, सून काय समजेल, फोन काढून घेतील. जन्मभर शिक्षक, हेडक्लार्क, इंजिनीअर म्हणून मान मिळवलेल्या माणसाला ‘मला फसवलं’ हे दोन शब्दसुद्धा जड जातात. ते जड जातात हे त्या कचेरीतल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ते सांगतात, ‘घरात कोणाला बोलू नका.’ हे वाक्य ज्या क्षणी ऐकाल, त्या क्षणी उठून घरात बोला. घरात कोणी नसेल तर शेजारची बेल वाजवा.

इथे तरुण मंडळीही बसली आहेत, त्यांनाही सांगणं आहे. आईवडील असा प्रसंग सांगायला आले तर पहिलं वाक्य ‘तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं’ हे नसावं. ‘बरं झालं लगेच सांगितलंत’ हे असावं. पहिलं वाक्य ऐकलेला माणूस पुढच्या वेळी सांगणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका भगिनींचा प्रश्न:* एवढं सगळं असेल तर ऑनलाइन व्यवहार बंदच केलेले काय वाईट?

प्रश्न मनापासूनचा आहे. पण रस्त्यावर खड्डे आहेत म्हणून आपण घरात बसत नाही, खाली बघून चालतो. व्यवहार सोडले की प्रत्येक बिलासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. स्वावलंबन ही लहान गोष्ट नव्हे. मधला मार्ग आहे. रोजच्या व्यवहाराला वेगळं खातं ठेवा, त्यात थोडेच पैसे ठेवा, आणि मुदत ठेवी ज्या खात्याशी जोडल्या आहेत ते फोनवर आणू नका. यूपीआयची दिवसाची मर्यादाही कमी करून घेता येते.

*एका गृहस्थांचा प्रश्न:* बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधला तर चालेल ना?

नाही. शोधल्यावर वर येणाऱ्या नंबरांत फसवणाऱ्यांनी टाकलेले नंबरही असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर घ्या. आजच घरी गेल्यावर एका कागदावर मोठ्या अक्षरात चार नंबर लिहा: १९३०, आपली बँक, आपली वीज कंपनी आणि घरातलं एक भरवशाचं माणूस. तो कागद कॉम्प्युटरशेजारी भिंतीला चिकटवा. भीतीत आठवत नाही, तेव्हा वाचता आलं पाहिजे.

*आणखी एक प्रश्न:* मग काय कोणावरच विश्वास ठेवायचा नाही?

तसं मुळीच नाही. आप्ताच्या शब्दाशिवाय जगता येत नाही, हे नैयायिकांनी मान्यच केलं आहे. सगळ्यांवर संशय घेणारा माणूसही शेवटी फसतो, कारण एक दिवस तो थकतो. विश्वास जरूर ठेवावा, पण कोणावर ठेवायचा ते आपण निवडावं. पडद्यावर जो आधी ओरडला त्याला तो देऊन टाकू नये.

वेळ संपली आहे. तो चार नंबरांचा कागद तेवढा आज झोपण्यापूर्वी लावा.